हात पडला त्याचा

दिगू,

आधी हे सांगून टाकतो, कारण बाकीचं लिहायला लागलो की धीर राहणार नाही. करमाडच्या स्मशानात तुझ्या पोरीने तुला अग्नी दिला, तेव्हा मी तुझा विचार करत नव्हतो. तुझ्या कपाटातल्या नॅट विमानाच्या खोक्याचा विचार करत होतो. सगळे हात जोडून उभे होते, मीही उभा होतो, आणि डोक्यात एकच प्रश्न होता: आता तो कुणाचा होणार?

माणसं एकशे बारा होती. मोजली, कारण मोजल्याशिवाय मला कुठे उभं राहता येत नाही, हे तुला माहीत आहे. निम्मी करमाडची. बाकीची तुझ्याकडून पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून नेणारे शेतकरी, शहागंजातले रद्दीवाले, आणि पुण्याहून आलेले दोन किटवाले, आपल्यासारखेच प्लास्टिकची विमानं जमवणारे. त्या दोघांशी वीस वर्षं पत्रव्यवहार माझा होता, पण डोळे पुसत होते ते तुझ्यासाठी. मनात आलं, माझ्या वेळी चाळीस आली तरी पुष्कळ. चितेसमोर उभं राहून मला तुझा हेवा वाटला. लिहितानाही लाज वाटते, पण तुझ्याशी खोटं बोलून आता काय मिळणार?

तुझा जन्म, शिक्षण, जमीन, जालना रोडवरचं मोटार भरायचं दुकान, हे सगळं गावाने लावलेल्या फलकावर येऊन गेलं. त्यावरचा फोटोही चांगला आहे. मला लिहायचं आहे ते फलकावर न आलेलं.

पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या सिडकोतल्या घराची बोअरची मोटार जळाली, म्हणून मी तुझ्या दुकानात आलो. तू जमिनीवर बसून तांब्याच्या तारेचे फेरे घालत होतास आणि समोरच्या म्हाताऱ्याशी त्याच्या बैलाच्या दातांवरून वाद घालत होतास. मागच्या फळीवर, ग्रीसच्या डब्याशेजारी, प्लास्टिकचं एक छोटं लढाऊ विमान ठेवलेलं होतं. मी मोटारीचं विसरलो आणि म्हणालो, "याच्या डाव्या पंखावरची खूण दोन-अडीच मिलिमीटर पुढे लागली आहे."

तू वर पाहिलंस. "मोटार घेऊन आलात का इमान तपासाय?" मग हसलास. "बसा, इन्स्पेक्टर. च्या सांगतो."

इन्स्पेक्टर मी खरोखरच होतो. चिकलठाण्याच्या एका कंपनीत तयार मालाची मापं तपासायची, आजही तेच करतो. तुला ते चहा आल्यावर कळलं, पण नाव तू आधीच ठेवून मोकळा झाला होतास.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट पाहिली. बोलता बोलता तू तारेचे फेरे घालत होतास आणि ते मी मनात मोजत होतो. तू म्हाताऱ्याशी भांडलास, मला नाव ठेवलंस, चहावाल्याला हाक मारलीस, आणि हात थांबवलास तेव्हा बरोबर ऐंशी फेरे झाले होते. मी विचारलं, "मोजलेत कधी?"

"हाताला कळतंय," तू म्हणालास.

मी सगळी नोकरी खिशात मापाचा व्हर्नियर ठेवून केली, आणि तुझ्या हाताला कळत होतं. हेव्याची सुरुवात तिथेच झाली असावी.

शहरात हा नाद असलेले त्या काळी आपण दोघंच. विमानांचे, जहाजांचे, रणगाड्यांचे जुने प्लास्टिकचे किट शोधायचे; कुणी कधीकाळी परदेशातून आणलेले, मुलांनी अर्धवट सोडलेले, माळ्यावर विसरलेले. खऱ्या बहात्तर फुटांचा इथे एक फूट, हे प्रमाण ऐकलं की लोक आपल्याकडे दयेने बघायचे. छावणीतून बदली होऊन जाणाऱ्या घरांची अडगळ शहागंजात गफूरचाचाच्या दुकानी यायची, म्हणून दर रविवारी सकाळी आपण तिथे.

नाद एक, पण रीत दोन. मी किट बनवायचो, तू ठेवायचास. यावर आपण पंचवीस वर्षं भांडलो आणि ते भांडण तू अर्धवट टाकून गेलास.

"खोका उघडला की संपलं," तू म्हणायचास. "तवर आत काय बी असू शकतं."

"आत काय आहे ते खोक्यावर छापलेलं असतं. अडतीस भाग."

"व्हय, पण ते तू अजून मोजले नाय ना! म्हणून तर तुला दम निघंना."

"किट बनवण्यासाठी असतो, दिगू. नुसता ठेवायचाच असेल तर विटा ठेव कपाटात."

"विटा कोण बघाय येतंय?"

हे शेवटचं वाक्य पुण्याच्या प्रदर्शनात तर सगळ्यांसमोर सिद्धच झालं. माझं हंटर विमान मी सात महिने बनवत होतो. पत्र्याच्या जोडांच्या रेघा केसाएवढ्या कोरलेल्या. त्याच्यापुढे दिवसभरात अकरा जण थांबले. शेजारच्या टेबलावर तू तुझा नॅटचा बंद खोका ठेवला होतास. बंद! त्याच्यापुढे मी मोजायचं सोडलं तेव्हा साठ झाले होते. तू खुर्चीवर मागे रेलून, चिवडा खात, येईल त्याला त्या खोक्याची गोष्ट सांगत होतास. गोष्ट दर वेळी थोडी वाढत होती. परतीच्या एसटीत तू मला म्हणालास, "तुझं इमान लई भारी झालंय राव, लोकाला अक्कल नाय." मला ते शब्द गोड लागायला हवे होते. मला वाटलं, हेही याला सहज जमतं.

आता त्या खोक्याबद्दल.

नियम मी केला होता. एका जहाजाच्या किटवरून आपण तीन आठवडे अबोला धरला होता, त्यानंतर मी वहीच्या पानावर तीन कलमं लिहून आणली. एक, नजर कुणाचीही पडो, हात ज्याचा आधी पडेल, किट त्याचा. दोन, हात म्हणजे पूर्ण पंजा. बोट लावलेलं धरायचं नाही. तीन, पडलेला हात मागे घेता येणार नाही. सही कर म्हणालो, तर तू ग्रीसने माखलेला पंजाच कागदावर उमटवलास. "घ्या. पडला हात." ते पान अजून माझ्याकडे आहे. पंजा पिवळसर झाला आहे, पण बोटं पाचही दिसतात.

नियम होऊन सहा महिने झाले नसतील. रविवार होता. गफूरचाचाकडे छावणीतून दोन पोती आली होती. पहिल्या पोत्यातला एका बॉम्बरचा उघडा खोका घेऊन मी गुडघ्यावर बसलो होतो. कागदावर त्र्याण्णव भाग होते आणि माझे ब्याण्णव भरत होते, म्हणून दुसऱ्यांदा मोजत होतो. ओंजळीत चाकं होती. तेवढ्यात दुसऱ्या पोत्याच्या तोंडातून मला एक निळा कोपरा दिसला. निळ्यावर केशरी-पांढरं-हिरवं चक्र.

पासष्टच्या लढाईत नाव काढलेलं आपलं चिमुकलं नॅट. त्याचे किट तसे पुष्कळ निघाले, पण भारतीय खुणांचा हा खोका थोडेच दिवस निघाला होता. मी तो फक्त चित्रात पाहिला होता. वरची कागदी पट्टी शाबूत. म्हणजे आजवर कुणीही न उघडलेला.

आधी मी पाहिला, दिगू. हे मी बावीस वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही. आधी मी पाहिला. पण ओंजळ भरलेली होती, आणि चाकं सांडली असती तर मोजणी पहिल्यापासून करावी लागली असती. म्हणून मी चाकं एकेक करून खोक्यात ठेवायला लागलो. एकूण सात होती. पाचवं ठेवलं तेव्हा तुझा पंजा पोत्यात गेला.

"लो मामू," गफूरचाचा तुला म्हणाला, "ये तो तुमारीच राह देख रा था."

मला तो कधी मामू म्हणाला नाही. मला म्हणायचा, "क्या साब, गिन लिए?"

त्र्याण्णवावा भाग सापडला नाही. बॉम्बर मी तरीही घेतला. माझा हात पडला होता ना, कलम तीन.

परत येताना स्कूटर तू चालवत होतास. खोका शर्टाच्या आत घालून बटणं लावली होतीस आणि पोट फुगल्यासारखं दिसत होतं. क्रांती चौकात थांबलो तेव्हा तू मागे वळून विचारलंस, "गप का रं?" मी म्हणालो, एक भाग कमी आहे. तू स्कूटर पुढे काढलीस. तुला त्या वेळी कळलं होतं का? माझी नजर आधी गेली होती, हे तू पाहिलं होतंस का? हा प्रश्न मी पुढच्या हजारेक रविवारी विचारू शकलो असतो. नाही विचारला. तू "नाही" म्हणाला असतास तर मी विश्वास ठेवला नसता, आणि "हो" म्हणाला असतास तर तुला माफ केलं नसतं.

तेव्हापासून तू मला त्या खोक्याला हात लावू दिला नाहीस. दाखवायचास भरपूर. कुणी पाहुणा आला, दिवाळी आली, भारत सामना जिंकला, की कपाटातून काढायचास, दोन्ही हातांत धरून माझ्यापासून हातभर लांब. "बघ, पण हात मागं ठेव. पडला तर तुझा हुईल. नियमच हे." वहिनी हसायच्या. माझी बायको वैशालीही हसायची. मीही हसायचो, पण हात खरोखरच पाठीमागे बांधून उभा राहायचो.

मी तडजोडही सुचवली होती. खोका न उघडताही, वजनावरून आतले भाग पूर्ण आहेत की नाहीत याचा अंदाज येतो. म्हणालो, "तूच ठेव वहिनींच्या काट्यावर. मी लांबून फक्त आकडा वाचतो."

"नको. आकडा कळला की तू शांत व्हशील," तू म्हणालास. "मग रविवारी येशील कशाला?"

घरी परतताना वैशाली म्हणायची, "किती मोकळा माणूस आहे." ती मला बंदिस्त म्हणत नव्हती, पण मी रिक्षात बसल्या बसल्या ते वाक्य पूर्ण करून घ्यायचो. तुझ्या कपाटात खोके कसेही कोंबलेले असत, आडवे, उभे, एकावर एक. मी माझे मोजपट्टी लावून ठेवायचो. लोक तुझं कपाट बघायला करमाडला यायचे. माझं कपाट बघायला कोण येतंय? विटा कोण बघाय येतंय?

आता दुसरी गोष्ट. ही सांगायची म्हणूनच खरं तर लिहायला बसलो.

जुन्या किटमधल्या खुणांचा कागद काळाने पिवळा पडतो. त्या खुणा पाण्यात भिजवून विमानावर सरकवायच्या असतात, आणि पिवळ्या असल्या की सगळं काम मातीत जातं. उपाय सोपा आहे. कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवायचा आणि ऊन लागू द्यायचं. आपल्याकडच्या वैशाखात तीन आठवड्यांत पिवळेपणा उडून जातो. हे मला एका पुणेकराने पत्राने कळवलं होतं. त्याच उन्हाळ्यात तू तुझ्या सगळ्यांत जुन्या जहाजाचा कागद घेऊन आलास. मधासारखा पिवळा. म्हणालास, "इन्स्पेक्टर, ह्यचं काय हुतंय का बघ की."

मी कागद उजेडात धरला. उलटा करून पाहिला. आणि म्हणालो, "याचं काही होत नाही."

का म्हणालो, ते तुला वेगळं सांगायला नको. एक तरी गोष्ट मला येते आणि तुला येत नाही, असं असू दे, एवढंच. तू घरी जाऊन कागद लिंबाच्या पाण्यात बुडवून पाहिलास. त्याचे तुकडे झाले. त्या जहाजाच्या खुणा पुन्हा मिळायच्या नव्हत्या, मिळाल्या नाहीत.

पुढच्याच महिन्यात तू न सांगता आमच्याकडे आलास. मी आत चहा सांगायला गेलो आणि बाहेर आलो तेव्हा तू पश्चिमेच्या खिडकीपाशी उभा होतास. काचेला माझे चार कागद चिकटवलेले होते. दोन पांढरे झालेले, दोन अजून पिवळे. कुणालाही कळावं इतकं स्पष्ट. तू बराच वेळ बघत होतास. मग म्हणालास, "ऊन लई कडक हे औंदा."

चहा प्यालास. वैशालीला म्हणालास, आलं झकास लागलंय. आणि गेलास. पुढच्या रविवारी शहागंजात वेळेवर हजर होतास.

शिवी दिली असतीस तर मला सोपं गेलं असतं. तू काहीच बोलला नाहीस, आणि त्यामुळे मला तुझा आणखीच हेवा वाटला. मी चूक केली होती आणि मोठा तू दिसत होतास.

तुझा आजार वाढला तेव्हा दर रविवारी मी करमाडला येऊ लागलो. फुप्फुसं थकली होती, नाकाला नळी होती, बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागायचं. शेवटच्या भेटीत मी ठरवून आलो होतो की खिडकीच्या कागदांचं सांगायचं, माफी मागायची. रिक्षात वाक्यंही जुळवली होती. तुझ्यासमोर बसलो, वहिनी पाणी ठेवून आत गेल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "तो खोका कुठे ठेवला आहेस?"

तू हसलास. खोकला येईपर्यंत हसलास. "हे! आलं का शेवटी! हात... मागं ठेव, इन्स्पेक्टर." मग डोळे मिटून पडून राहिलास आणि जरा वेळाने म्हणालास, "कपाटात लई पसारा झालाय. तू येशील तवा... बघून भांडशील."

मी म्हणालो, भांडेन. ते आपलं शेवटचं बोलणं.

तुझं तेरावं झालं आणि त्यानंतरच्या रविवारी सुमनवहिनींनी मला बोलावलं. जायच्या आधी मी स्वतःशी एक गोष्ट पक्की केली होती: तो खोका मागायचा नाही. विषयसुद्धा काढायचा नाही. यादी करून द्यायची, कुठला किट किती दुर्मीळ ते खरं खरं लिहायचं, नॅटसुद्धा. मला तो हवा होता म्हणूनच तो मागता येत नव्हता. आणि यादीत त्याला साधा लिहून स्वतःकडे वळवायचा विचारही मनात येऊन गेला, हे इथे लिहून ठेवतो. करमाडच्या फाट्यापर्यंत तो विचार माझ्याबरोबर होता.

वहिनींनी चहा दिला. मग मागच्या खोलीत नेलं, लोखंडी कपाटाची दोन्ही दारं उघडली आणि भिंतीला टेकून बाजूला उभ्या राहिल्या. हाताची घडी. तोंडातून शब्द नाही.

मी कपाट पाहिलं आणि मला ते तुझं वाटेना. चार कप्पे, प्रत्येकात सोळा खोके, सगळे उभे, सगळ्यांच्या कडा फळीच्या काठाशी एका रेषेत. खोक्यांची खोली सारखी नसते. लहान खोका मागे ढकलला जातो, मोठा पुढे येतो. ते असे एका रेषेत आणायचे तर प्रत्येकामागे हात घालून तो पुढे ओढावा लागतो. हे कुणी केलं, असा विचार मनात येतच होता, तेवढ्यात तिसऱ्या कप्प्यात एक खोका इतरांच्या पुढे आलेला दिसला. फार नाही, एक बोट.

नाव वाचायच्या आधी माझा हात गेला. दिगू, मी खरंच वाचलं नव्हतं. वाकडं दिसलं की माझा हात जातो, कंपनीत जातो, लग्नात पंगतीच्या पाटांवर जातो. मी पंजा टेकवून खोका आत सरकवला. इतरांच्या रेषेत आला, तेव्हा कुठे डोळ्यांना निळा रंग दिसला.

मागून वहिनी म्हणाल्या, "पंजा टेकला का बोट लावलं, भाऊजी?"

मला काही कळेना. "पंजा," मी म्हणालो.

"मग तो तुमचा."

त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "मला सांगून ठेवलं होतं. म्हणे, कपाट उघडून बाजूला हो अन् अक्षर बोलू नको. ज्या खोक्यावर त्याचा पंजा आधी पडंल, तो त्याचा. बोट धरू नको म्हणाले, पंजा पाहिजे. म्या म्हणलं, अन् त्यांनी दुसऱ्याच कुठल्या खोक्यावर टेकला तर? तर म्हणे, नाय टेकत. तू बघच."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तू दुपारभर कपाटापुढे स्टूल घेऊन बसला होतास. नळी लावलेली. पोरीच्या जुन्या दप्तरातली लाकडी पट्टी मागून घेतलीस. कुणाला मदत करू दिली नाहीस. दोन खोके सरळ करायचे, थांबायचं, दम घ्यायचा, पुन्हा दोन. "मला वाटलं, आता कशाला हा उद्योग," वहिनी म्हणाल्या. "आयुष्यात कधी चादर सरळ केली नाय ह्या माणसानं."

मी तिथेच जमिनीवर बसलो. खोके मोजले. चौसष्ट. म्हणजे त्रेसष्ट तू सरळ लावलेस, एक वाकडा दिसावा म्हणून.

तुला माहीत होतं की मी हात पुढे करणार नाही. मागणार नाही, आणि कुणी आपणहून दिला तर नियमात बसत नाही म्हणून घेणार नाही. तेव्हा तू माझ्याच खोडीला कामाला लावलंस. ज्या खोडीमुळे बावीस वर्षांपूर्वी मी चाकं एकेक करून ठेवत बसलो होतो, तिच्याचकडून तू तो खोका माझ्या हाताखाली आणलास. क्रांती चौकात "गप का रं" विचारलंस, तेव्हा तुला कळलं होतं का, या प्रश्नाचं उत्तर "हो" असं मी धरून चालतो. खात्री नाही. तू दुसऱ्याही कुणासाठी असंच काही केलं असतंस, इतका मोठा तू होतास.

आणि पैज लावून निकाल बघायला थांबला नाहीस, याचा मला राग आहे. ते कपाट उघडलं तेव्हा भिंतीला टेकून तू उभा असायला हवा होतास.

यादी मी करून दिली आहे. त्रेसष्ट नोंदी, दोन प्रती; एक वहिनींकडे, एक पोरीकडे. जहाजापुढे लिहिलं आहे: "खुणांचा कागद नाही. चूक माझी." पोरीने फोन करून विचारलं, म्हणजे काय काका? मी तिला खिडकीचं सगळं सांगितलं. तुला सांगायचं ते तिला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बाबांनी सांगितलं होतं मला. हसत होते."

खोका घरी आणून आठ दिवस झाले. वैशालीने पहिल्याच दिवशी काटा पुसून टेबलावर ठेवला. "करा की वजन. बावीस वर्षं डोकं खाल्लंत." मी अजून केलेलं नाही. पट्टीही फाडलेली नाही. माझ्या हातात आला तर संध्याकाळच्या आत उघडेन, असं तुला शंभरदा तरी सांगितलं होतं. आपलं भांडण तू जिंकलास असं मात्र समजू नको. ते मी एवढ्यात सोडणार नाही.

मला वाटलं होतं, खोका माझा झाला की हेवा संपेल. संपला नाही, जागा बदलली त्याने. आता मला तुझ्या त्या स्टुलावरच्या दुपारचा हेवा वाटतो. तुझ्या जागी मी असतो, तर खोका कागदात बांधला असता, वर नाव-पत्ता लिहिला असता आणि पोचपावती मागितली असती. तसं दिलेलं तू खदाखदा हसून घेतलंही असतंस. पण कुणाला इतकं ओळखून काही द्यावं, हे मला सुचलं नसतं. तेही तुझ्या हाताला कळत होतं.

माझं कपाट तुला माहीत आहे. सगळं पट्टीत. नॅट दुसऱ्या कप्प्यात आहे, डावीकडून पाचवा. रोज कंपनीत निघताना समोरून जातो तेव्हा हात आपोआप उठतो, आणि मी तो पाठीमागे धरतो, तुझ्यासमोर धरायचो तसा. वैशाली बघते आणि डबा पुढे करते.

खोका एक बोट बाहेर आहे. मी सरळ केलेला नाही.